धोडपवरून खाली उतरलेला माणूस

आमच्या घरी एक तलवार आहे. मूठ गंजलेली, पातं मधेच थोडं वाकलेलं. वर्षभर ती आत्याच्या कपाटावर जुन्या धोतरात गुंडाळलेली असते आणि खंडेनवमीला बाहेर निघते. हळदकुंकू, झेंडूचं फूल, गुळखोबऱ्याचा नैवेद्य, आणि मग आत्या दरवर्षीची गोष्ट सांगते. आपले खापरपणजोबांच्याही मागचे एक पूर्वज धोडपच्या शिबंदीत होते, गोरे आले तेव्हा शेवटपर्यंत लढले आणि गडाच्या दारातच पडले. घरातली सगळी पोरं ही गोष्ट ऐकून मोठी झाली. मीसुद्धा. शाळेत निबंधातही लिहिली होती आणि बाईंनी शाबासकी दिली होती!

गेल्या डिसेंबरात सातमाळ्याची रांग चाललो, तेव्हा ही गोष्ट डोक्यात होतीच. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच गेलो होतो.

सातमाळा म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. सह्याद्रीच्या मुख्य धारेतून एक फाटा सुटतो आणि पूर्वेला चांदवड-मनमाडकडे जातो. त्याच्यावर ओळीनं गड बसलेत. अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या, जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड. या धारेच्या उत्तरेला पडलेलं पाणी गिरणेत जातं, म्हणजे तापीतून अरबी समुद्राला. दक्षिणेला पडलेलं पाणी गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. धारेवर उभं राहून डबा धुतला तर अर्धं पाणी इकडे आणि अर्धं तिकडे, असा आमच्या मित्राचा विनोद होता. दुसऱ्या दिवशी पाणीच संपल्यावर तो विनोद कुणाला सुचला नाही.

आम्ही तिघं. मी, माझा कॉलेजातला मित्र आणि खालच्या गावातले एक मामा, वाट दाखवायला. मामा साठीचे, पायात साधी चप्पल. आम्ही दोघं मात्र बूट, काठ्या, टोप्या असे नटून. पहिल्या दिवशी मार्कंड्या केला. समोर सप्तशृंगीचा डोंगर इतका जवळ दिसतो की हाक मारावी. इथे मार्कंडेय ऋषी पुराण सांगायला बसायचे आणि देवी ते ऐकायची, म्हणून तिची मान या बाजूला कललेली आहे, अशी गोष्ट लहानपणी गडावर प्रत्येकानं ऐकलेली असते. मार्कंड्याच्या माथ्यावर बसून पलीकडे बघितलं की ही गोष्ट कुणाला का सुचली असेल ते कळतं. दोन डोंगर खरंच एकमेकांशी बोलायला बसल्यासारखे आहेत.

मुळाणबारीची खिंड ओलांडून रवळ्या-जवळ्याच्या पठारावर मुक्काम केला. हे जुळे गड एकाच पठारावर बसलेत. रवळ्याच्या माथ्यापाशी कातळ आडवा येतो, तिथे हातापायांनी चढावं लागतं. मी अर्ध्यावर थांबलो, मित्र जाऊन आला. पन्नाशीत अशा ठिकाणी लाज वाटत नाही, हा एक फायदा.

दुसरा दिवस मात्र लांबला. जवळ्यापासून धोडपपर्यंतची चाल दिसायला सरळ आहे, कारण धोडप सतत समोर असतो. पिंडीसारखा त्याचा माथा आणि बाजूला करवतीनं कापल्यासारखी एक लांब काळी भिंत, तिच्यात मधेच एक खाच. लाखो वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांना भेग पडली, तिच्यात खालून नवा लाव्हा घुसला आणि गोठला. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि तो कठीण पट्टा भिंतीसारखा उभा राहिला. भूगर्भशास्त्रात त्याला डाईक म्हणतात. सकाळी ती भिंत दोन तासांवर वाटते. दुपारीही दोन तासांवरच असते! धार सारखी वरखाली होते. एकीकडे गवताचा घसारा, दुसरीकडे कडा, आणि वाळलेल्या गवतावरून बूट असा सटकतो की पोटात गोळा येतो. दुपारी दोनला बाटल्या रिकाम्या झाल्या. मामांनी तासभर आडवं चालवत एका झऱ्याशी नेलं. पाण्यावर पानं तरंगत होती. ती बाजूला करून प्यायलो. इतकं गोड पाणी बऱ्याच वर्षांत प्यायलो नव्हतो.

संध्याकाळी धोडपवर पोचलो. रात्री गुहेत देवीपाशी पथारी पसरली आणि झोप येईना, म्हणून मी मित्राला या गडाचा इतिहास सांगायला लागलो. (तो घोरत होता. पण इतिहास सांगणाऱ्यानं अशा गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं.)

धोडपचं नाव इतिहासात आलं ते एका घरगुती भांडणामुळे. थोरले माधवराव पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि काका रघुनाथराव कर्तबगार, अटकेपर्यंत जाऊन आलेले. काकांना वाटे, कारभार आपला. पुतण्याला वाटे, कारभार माझा. रघुनाथराव रुसून आमच्या नाशिकजवळ आनंदवल्लीला येऊन राहिले. शेवटी त्यांनी फौज जमवली, दमाजी गायकवाडांनी मुलगा गोविंदराव याला मदतीला पाठवलं, होळकरांचे दिवाण गंगोबा तात्या सामील झाले आणि तळ पडला धोडपपाशी. १० जून १७६८ ला माधवरावांनी हल्ला केला. काकांची फौज मोडली, काका गडावर पळाले आणि लवकरच हाती लागले. त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. त्याच वाड्यात पाच वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, नारायणरावांचा खून झाला. आनंदवल्लीवरून मी रोज जातो. तिथला रुसवा इथे धोडपवर येऊन फुटला आणि पुढे कुठे जाऊन पोचला, याचा विचार केला की रस्त्यातला ट्रॅफिकही थोडा वेळ विसरायला होतो.

या रघुनाथरावांचा मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव. आणि आमच्या तलवारीची गोष्ट त्याच्या काळातली.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. बाजीराव पळत सुटले. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला बापू गोखले पडले आणि लढणारा असा कुणी मोठा माणूस उरला नाही. एप्रिलमध्ये कर्नल मॅकडॉवेल फौज घेऊन आपल्या भागात आला. अंकाई-टंकाई लढाई न होता मिळाले. राजधेरनं दार उघडलं नाही. तिथे तोफा चालल्या, गडावर आग लागली आणि शिबंदी निघून गेली. मग आसपासचे गड भराभर खाली आले. धोडपही. त्र्यंबकला थोडी झुंज झाली, एप्रिलअखेर तोही गेला. तिथल्या शिबंदीला शस्त्रं आणि खाजगी चीजवस्तू घेऊन उतरू दिलं. खरी लढाई झाली ती डोंगरावर नाहीच, मालेगावच्या भुईकोटात. तिथल्या अरबांनी इंग्रजांना जवळजवळ महिनाभर झुंजवलं आणि जूनमध्ये ते शरण आले. तोवर, ३ जूनला, बाजीरावांनी स्वतःच माल्कमपुढे हात टेकले होते. वर्षाला आठ लाखांची पेन्शन आणि बिठूर.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, मी कुठे अडकलो ते. धोडपच्या दारात लढता लढता पडायला धोडपच्या दारात लढाई तर झाली पाहिजे! मी जमेल तेवढं वाचलं. १८८३ चं नाशिकचं गॅझेटियर पुन्हा पुन्हा चाळलं. १८१८ सालात धोडपच्या नावापुढे लढाई नाही. गड दिला गेला, एवढंच.

हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. खरं तर राग आला होता, आणि तोही कुणाचा? दोनशे वर्षांपूर्वीच्या, नावही माहीत नसलेल्या माणसाचा. साडेतीन हजार माणसांचं गाव भरेल इतक्या अभिमानानं ज्याची गोष्ट सांगितली, तो नुसता पायऱ्या उतरून घरी गेला?

तिसऱ्या दिवशी कांचनाकडे निघालो. याच खिंडीच्या मुलखात १७ ऑक्टोबर १६७० ला शिवाजी महाराजांची दाऊदखानाशी लढाई झाली. महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून बागलाणातून परत येत होते. लूट आणि घोडी पुढे काढायची आणि पाठीवर आलेल्या मोगलांना उघड्यावर थोपवायचं, असं अवघड काम होतं. ते फत्ते झालं. दाऊदखानाच्या सैन्यात भीमसेन सक्सेना नावाचा एक कारकून होता. त्यानं नंतर आपल्या फारसी आठवणींत ही लढाई लिहून ठेवली. गडावर लपून नाही, मैदानात समोरासमोर झालेली ही लढाई. मी मामांना ती सांगितली. त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त माहीत होती, फक्त तारीख सोडून.

राजधेरला पोचलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. इथे कातळात कोरलेला जिना होता. आता मधला भागच नाही. तिथे लोखंडी शिडी लावली आहे, ती चढून आत शिरायचं. इंग्रजांनी गड घेतल्यावर ठिकठिकाणी दरवाजे, तट आणि चढायच्या वाटा सुरुंग लावून मोडल्या. कॅप्टन ब्रिग्ज नावाचा अधिकारी १८१८ मध्ये हे गड बघत हिंडला. हाच ब्रिग्ज पुढे फिरिश्ताच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणारा. हरिहरच्या पायऱ्या बघून तो इतका चकित झाला की त्यानं त्यांची तुलना उभ्या शिडीशी केली. हरिहरचा जिना वाचला. राजधेरचा गेला.

शिडीवर उभा असताना एक विचार आला. आपण ट्रेकर लोक म्हणतो, हा गड सोपा, तो अवघड. गडांना श्रेणी देतो. अवघड केला की फोटो लावतो. पण ज्यांनी गड बांधले त्यांनी इथे सोपा जिना कोरला होता. धान्याची पोती, दारूगोळा, म्हातारा किल्लेदार, सगळ्यांना जाता यावं असा. आज आपल्याला जो थरार वाटतो, त्यातला बराचसा सुरुंगाचा आहे. ज्याला आपण निसर्गाचं आव्हान म्हणतो, ते काही ठिकाणी पराभवाची निशाणी आहे.

शिडीच्या पायथ्याशी मामा तंबाखू मळत बसले होते. मी त्यांना माझ्या पूर्वजाची गोष्ट सांगितली. आत्याची आणि गॅझेटियरची, दोन्ही.

मामा म्हणाले, "मंग काय वाईट केलं त्यानं? पगार थकलेला आसंल. धनी पळून गेल्याला. वर दाणा नाही, खाली तोफा. पोरंबाळं खालच्याच गावात. कुनासाठी मरायचं?"

मी म्हटलं, "पण मामा, तलवार आहे हो आमच्याकडे."

"मंग तेच सांगतो ना तुला. मेला आसता तर तलवार घरी कोन आनून देनार? गोरा?"

मी गप्प झालो. इतकी वर्षं ती तलवार डोळ्यांसमोर होती आणि हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. लढून पडलेल्या शिपायाची तलवार जिंकणाऱ्याकडे जाते. त्र्यंबकसारखी अट धोडपला मिळाली होती का, हे कागद सांगत नाही. पण तलवार घरात आहे, म्हणजे ती कमरेला लावून कुणीतरी धोडपच्या पायऱ्या उतरला असणार, हेच जास्त पटतं. आणि तसं असेल तर तो उतरला म्हणून पुढची शेती झाली, विहीर झाली, आजोबा झाले, आत्या झाली आणि हे लिहिणारा मी झालो.

मग गोष्ट बदलली कुणी? माझा तर्क असा की त्याच्या मुलानं किंवा नातवानं. बाप हरलेल्या बाजूला होता, एवढंच सांगून पोराला झोपवता येत नाही. म्हणून दारात लढाई आली. त्यालाही दोष देववत नाही.

चांदवडला हायवेवर येऊन नाशिकची बस धरली. खिडकीतून धारेकडे बघत होतो. संध्याकाळी ती सगळी एका काळ्या रेघेची होते, मधे धोडपची खाच तेवढी ओळखू येते.

आत्याला हे सांगायला मला दोन आठवडे लागले. ती ब्याऐंशीची आहे. ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाली, "म्हणजे चालत आला म्हणतोस तो. धोडपवरून." मी म्हटलं, "हो, असं वाटतं." थोडा वेळ तिनं काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "बायकोला किती बरं वाटलं असेल रे."

या खंडेनवमीला गोष्ट कोणती सांगायची, ते तिनंच ठरवायचं आहे. मी तलवार पुसून देईन. घरच्या मंडळींनी हे वाचून माझ्यावर रागवायचं असेल तर जरूर रागवा, पण त्याआधी एकदा धोडपला माझ्याबरोबर चला. वाट अजून आहे. तो ज्या पायऱ्यांवरून उतरला असेल, त्यातल्या बऱ्याचशा शाबूत आहेत.