कृपया इकडे लक्ष द्यावे
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाशिक रोडला जेल रोडच्या बाजूला आमचे घर. रात्री अकरानंतर रस्त्यावरची वर्दळ कमी झाली आणि वारा सरळ असला, की स्टेशनवरची घोषणा घरात ऐकू येते. शब्द कळत नाहीत, चाल कळते. आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. इतक्या वर्षांच्या सवयीने गाडी वेळेवर आहे की उशिरा, हे मी नुसत्या चालीवरून सांगतो. घरच्यांना ते पटत नाही, पण बहुतेक वेळा माझे बरोबर निघते.

या घोषणांशी माझे जुने देणेघेणे आहे. तरुणपणी माझा आवाज चांगला होता. कॉलेजात, गणपतीच्या मंडळात, लग्नाच्या मांडवात सगळे म्हणत, 'अरे, तुझा आवाज रेडिओचा आहे!' हे इतक्यांदा ऐकले की मलाही ते खरे वाटू लागले. १९७३ साली मी एका नभोवाणी केंद्रावर आवाजाच्या चाचणीला गेलो. कुठले केंद्र ते सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. पॅसेंजरने गेलो, नवा शर्ट घालून गेलो. हातात एक कागद मिळाला. काचेपलीकडे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मैदानात भाषण करावे तसा मी वाचत सुटलो. 'प' किंवा 'भ' आला की मायक्रोफोनवर फाटकन आवाज होई. प्रत्येक वाक्य एकाच सुरात चढे आणि एकाच सुरात पडे. वाचून झाल्यावर ते गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, 'आवाज छान आहे. वाचायला शिका आणि सहा महिन्यांनी परत या.'

मी परत गेलो नाही. आवाज छान आहे म्हणतात आणि वर नापास करतात, याचा राग आला होता. पुढे शिक्षकाची नोकरी लागली. तो राग मात्र मी बरीच वर्षे जपून ठेवला.

देणगी मोठी की मेहनत, हा वाद गाण्याच्या क्षेत्रात फार जुना आहे. नुसत्या बोलण्याच्या बाबतीत तो आपल्याकडे कधी पेटला, याची मात्र तारीखच सांगता येते, आणि ती गोष्ट सुरू होते आमच्या नाशिक जिल्ह्यात. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. हे जमले, कारण पडद्यावर कुणालाच बोलायचे नव्हते. पुढे नाशकातच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली आणि एकामागून एक मूकपट निघाले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि त्या दिवसापासून चेहऱ्याला तोंड उघडावे लागले. त्या पहिल्या बोलपटाचा नायक आपला मास्टर विठ्ठल. मूकपटांतला हा मोठा गाजलेला नट. तलवारबाजी आणि उड्या पाहायला गर्दी लोटायची. पण हिंदुस्थानी उच्चार जिभेवर बसेनात. मग कथेतच अशी सोय करण्यात आली, की नायक बराच वेळ गुंगीत राहील! विठ्ठलांना हिणवण्यासाठी मी हे सांगत नाही; पुढे मराठी बोलपटांत, म्हणजे स्वतःच्या भाषेत, ते काम करीत राहिले.

दुसरे उदाहरण सुलोचनाचे. म्हणजे आपल्या सुलोचनादीदी नव्हेत. त्यांच्या आधीची, मूकपटांची सम्राज्ञी रूबी मायर्स. जन्म पुण्याचा, घराणे बगदादी ज्यू. सिनेमात येण्यापूर्वी ती टेलिफोन ऑपरेटर होती, म्हणजे आवाज हेच तिचे पहिले भांडवल होते. पण बोलपट आला आणि ते भांडवल उपयोगी पडेना, कारण तिला हिंदुस्थानी धड येत नव्हती. तिने काय केले? कामच थांबवले. सुमारे वर्षभर भाषा शिकली आणि १९३२ साली 'माधुरी' घेऊन बोलपटात परतली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. स्वतः फाळक्यांना मात्र आवाज फारसा लाभला नाही. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि मागाहून आवाज चढवून पुन्हा दाखवावा लागला. खरा बोलपट त्यांनी एकच केला, १९३७ चा 'गंगावतरण', तोही कोल्हापूरला.

सिनेमातल्या आवाजाला निदान चेहऱ्याची साथ असते. रेडिओवर तीही नाही. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणीमंत्री होते. चाचण्यांची शिस्त त्यांच्या काळात फार कडक झाली. समोर कोण गातो हे परीक्षकांना कळू नये, फक्त कानाने निवाडा व्हावा, अशी पद्धत आली. केसकरांनी सिनेसंगीतालाही आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद केले. त्या शिस्तीबद्दल आजही दोन मते आहेत. माझे म्हणाल तर चाचणी कडक असावी, पण ज्याला नाकारले त्याने कुठे जावे हेही कुणीतरी सांगावे.

अमीन सयानींना ते कुणी सांगितले नाही, त्यांनी स्वतःच शोधले. जन्म १९३२ चा, मुंबईचा. सुरुवातीचे शिक्षण गुजराती. आकाशवाणीवर हिंदी निवेदक होण्यासाठी गेले, तर उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाया आहे म्हणून नकार मिळाला. पुढचे ऐका. त्यांची आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पत्र काढत असत. मजकूर सोप्या हिंदुस्थानीत, पण नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. मुलगा त्या कामात हातभार लावत होता. म्हणजे साधी, सगळ्यांना कळेल अशी भाषा जिभेवर यावी म्हणून घरातच रोजची तालीम चालू होती. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. केसकरांनी बाहेर काढलेली गाणी आणि आकाशवाणीने नाकारलेला आवाज, दोन्ही एकाच लहरीवर आले, आणि बुधवारी रात्री आठ वाजता रस्ते ओस पडू लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा त्यांचा आवाज म्हणजे देवाची देणगी असे किती जणांनी लिहिले! पहिल्या नकाराची आठवण त्यात क्वचितच कुणाला झाली.

आमच्या घरी मात्र खरे राज्य होते ते 'पुन्हा प्रपंच'चे. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. ही तिघे आमच्याच चाळीत कुठेतरी राहतात आणि सहज गप्पा मारतात, अशी माझ्या आईची समजूत होती. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटे. समोर लिहिलेला कागद असतो, त्याची सळसळ मायक्रोफोनला ऐकू जाऊ द्यायची नसते, रागावताना तोंड थोडे मागे न्यायचे आणि कुजबुजताना जवळ आणायचे, हे मला त्या फसलेल्या चाचणीनंतर समजले. हसू ओठांवर नाही, श्वासात यावे लागते. नीलम प्रभू, म्हणजे पुढच्या करुणा देव, नुसत्या श्वासावर वाक्याचा अर्थ फिरवत. कुडतरकरांनी असंख्य माहितीपटांना मराठी निवेदन दिले. २०२० साली वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले. ज्याला आपण सहज म्हणतो, ते त्यांनी इतक्यांदा केलेले होते की त्यातले कष्ट दिसेनासे झाले होते.

हे सगळे ज्याला ठाऊक आहे, त्या माणसाने तरी दुसऱ्याला सांभाळून घ्यायला हवे होते. मी घेतले नाही.

१९८४ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर मुले बातम्या वाचत. निवड माझ्याकडे. सातवीतला एक मुलगा रोज हात वर करी. बागलाणातून आलेले कुटुंब, वडील स्टेशनवर हमाल. आवाज भरड, आणि घरची बोली अहिराणी, त्यामुळे 'ळ'चा 'य' होई. 'काळा फळा' म्हणायचे तर 'काया फया'. मुले हसत. एके दिवशी मी त्याला सर्वांदेखत म्हणालो, 'खाली बस. हे तुझे काम नाही.' नुसते 'नंतर ये' म्हटले असते तरी चालले असते. काचेपलीकडच्या त्या गृहस्थांनी मला तेवढे तरी म्हटले होते.

तेव्हा प्रत्येक स्टेशनवर माणूस बसून घोषणा करी. आमच्या भागातल्या गावांची नावे एकदा म्हणून पाहा. देवळाली, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ. नुसता 'ळ'चा बाजार! तो मुलगा वडिलांचा डबा घेऊन स्टेशनवर जाई आणि कर्ण्याखाली उभा राहून प्रत्येक नाव घोषणेमागोमाग पुटपुटत असे. हे मला फार नंतर कळले.

त्याच काळात, १९८२ साली, सरला चौधरी मध्य रेल्वेत रोजंदारीवर उद्घोषिका म्हणून लागल्या होत्या. १९८६ साली त्या कायम झाल्या. पुढे घोषणा ध्वनिमुद्रित झाल्या, संगणकावर गेल्या, आणि त्यांचा आवाज स्टेशनास्टेशनांवर पोहोचला. त्या स्वतः दुसऱ्या विभागात गेल्या, तरी आवाज फलाटावरच राहिला. या कामात कौतुक करण्यासारखे काय आहे, असे वाटेल. तर असे पाहा, संगणक वाक्य बोलत नाही, तुकडे जोडतो. आकडे वेगळे, गावे वेगळी, 'फलाट क्रमांक' वेगळे. 'पाच' हा शब्द मध्ये आला तर सूर तरंगता राहायला हवा आणि शेवटी आला तर टेकायला हवा. शेकडो तुकडे निरनिराळ्या दिवशी बोलायचे आणि ते एका दमात बोलल्यासारखे वाटले पाहिजेत. सर्दी झाली, मन उदास असले, तरी कालचाच सूर आज लागला पाहिजे. गोड गळा यात पहिल्या तासापुरता उपयोगी पडतो.

२००३ चा सिंहस्थ नाशिककरांना विसरता येणार नाही. २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्यानंतर काही दिवसांनी मी स्टेशनकडे निघालो होतो. बाहेरच्या मदत केंद्रातून हरवलेल्यांची नावे पुकारली जात होती. 'वय सहा वर्षे, निळा सदरा, काळी चड्डी, गळ्यात तुळशीची माळ.' आवाज भरड होता, पण गर्दीच्या गलक्यातून एकेक अक्षर सुटे होऊन येत होते. मी तंबूत डोकावलो. एक तिशीतला माणूस मायक्रोफोन धरून बसला होता. मला पाहून तो उठला, 'सर' म्हणून वाकला. मला ओळखायला थोडा वेळ लागला. एरवी तो दुकानांच्या आणि निवडणुकीच्या प्रचाराच्या रिक्षांसाठी आवाज मुद्रित करून देत असे.

काय बोलावे मला सुचेना. 'ळ छान म्हणतोस,' एवढेच म्हणालो.

तो हसला. 'सर, निळा आणि काळा हे शब्द सकाळपासून दोनशे वेळा म्हटलेत. आणि माळ वेगळीच.'

माफी मागायची ती वेळ होती. मी चहा पाजला आणि घरी आलो.

पाच वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू दत्ताराम झेंडे हे उद्घोषक लोकलगाड्यांच्या घोषणांच्या कामावर होते. आमची संध्याकाळची पंचवटी तेव्हा कधीच सुटून गेली होती. स्फोटाचा आवाज झाला, मग दोन बंदूकधारी दिसले. झेंडे केबिनमधून हलले नाहीत. मुख्य भागाकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असे ते मराठीत आणि हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत राहिले. केबिनवर गोळी आली, काच फुटली. त्या स्टेशनवर त्या रात्री पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यांच्या घोषणांमुळे कितीतरी जण त्या बाजूला आलेच नाहीत. पुढे रेल्वेने त्यांना गार्डच्या पदावर बढती दिली. झेंड्यांचा आवाज गोड होता का, असे कुणी विचारल्याचे मी ऐकले नाही. मला राहून राहून वाटते ते एवढेच, की त्या क्षणी वाक्य न अडखळता बाहेर पडायला आधी हजारो वेळा 'अमुक फलाटावर अमुक गाडी' म्हटलेले असावे लागते. भीतीने घसा कोरडा पडतो. सवयीचे वाक्य तरीही येते.

आता आवाज यंत्रेही बनवू लागली आहेत, आणि माझ्या त्या विद्यार्थ्याची कामे कमी झाली आहेत. येत्या सिंहस्थाला पुन्हा मदत केंद्रात बसणार, म्हणतो. हे भाषण ठरले तेव्हा मी त्याला घरी बोलावले आणि आधी मुलांसमोर म्हणालो ते चुकले होते, हे सांगून टाकले. 'असू द्या सर,' तो म्हणाला, 'कागद आणा.' मी सगळे वाचून दाखवले. तो डोळे मिटून ऐकत होता.

'सर, "प"ला अजून फाटतोय. तोंड जरा तिरके धरा. आणि दुसऱ्या परिच्छेदात श्वास चुकतोय. परत वाचा.'

मी परत वाचले.