सिद्दीने तारीख कळवली होती

11 फेब्रुवारी 1689, मुदतीचा दिवस

मुंबईच्या किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा इथला प्रमुख सर जॉन चाइल्ड याच्या हाती जंजिऱ्याहून आलेले पत्र होते. सिद्दी याकूतखान, म्हणजे मोगलांच्या आरमाराचा प्रमुख सिद्दी कासम, याने ते पाठवले होते. जंजिऱ्याजवळच्या दंडा-राजपुरीला मोगली फौजेकडे चाललेली धान्याची गलबते इंग्रजांनी समुद्रात अडवून मुंबईला आणली होती. सिद्दीने आधी नम्रपणे मागणी केली, पण उत्तर उर्मट आले. मग त्याने दोन तारखा दिल्या. 11 तारखेपर्यंत गलबते सोडा. नाही सोडलीत तर माझे धान्य जिथे अडकले आहे तिथेच, मुंबईत, 14 तारखेला फौज घेऊन जेवायला येतो.

चाइल्डने गलबते सोडली नाहीत. उलट, सिद्दी आलाच तर आपल्या पार्श्वभागाच्या वाऱ्यानेच त्याला उडवून लावू, अशी बढाई त्याने मारली म्हणे.

(इंग्रजांचे वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू होई, म्हणून त्यांच्या कागदांत हे साल 1688 आहे.)

12 आणि 13 फेब्रुवारी

हे दोन दिवस वाया गेले. पोर्तुगीजांकडून आंदण मिळालेले मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने 1668 साली वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले होते. वीस वर्षांत तिथे टांकसाळ आली, न्यायालय आले, गुजरातेतून व्यापारी आले, आणि 1687 पासून कंपनीचा मुख्य कारभारही सुरतेहून इथे हलला.  मुंबईकडे लहान जहाजे पुरेशी होती, ती शिवडीच्या खाडीच्या तोंडाशी उभी केली असती तरी उतरणाऱ्याला परत फिरावे लागले असते. एकही हलले नाही.

आणि सिद्दीला ही वाट कोणी दाखवायची गरज नव्हती. शिवाजी महाराजांशी लढताना पावसाळ्यात त्याचे आरमार माझगावलाच नांगर टाकून राही, आणि इंग्रज ते कुरकुरत का होईना, चालवून घेत. बंदराचा तळ त्याच्या खलाशांना पाठ होता.

14 फेब्रुवारी, मध्यरात्र

सिद्दी शब्दाला जागला. मुख्य किल्ल्यापासून चारेक मैलांवर, शिवडीला, त्याची माणसे उतरू लागली. अलेक्झांडर हॅमिल्टन हा स्कॉटिश दर्यावर्दी तेव्हा मुंबईत होता. तो आकडा वीस हजार देतो. चाइल्डवर त्याचा इतका राग आहे की त्याचे आकडे जरा हात राखूनच घ्यावेत, पण घटनांचा क्रम त्याच्याइतका तपशिलाने कोणी दिलेला नाही.

शिवडीच्या चौकीने इशाऱ्याची एक मोठी तोफ डागली. मग चौकीतले शिपाई चौकी सोडून पळाले.

रात्री 1

किल्ल्यावरून तीन तोफा झाल्या. तटाबाहेर निर्धास्त झोपलेली वस्ती दचकून उठली. गोऱ्या आणि देशी बायका अंगावर धड वस्त्र नसताना, फक्त लेकरे उचलून, अंधारात किल्ल्याच्या दाराकडे धावल्या. ज्यांना सिद्दीच्या पत्राचा पत्ताही नव्हता, त्यांनीच चाइल्डच्या उत्तराची किंमत आधी मोजली.

15 फेब्रुवारी, सकाळ

सिद्दी माझगावला पोचला. तिथल्या गढीवर चौदा तोफा होत्या, पण त्या चालवायला माणूस राहिला नव्हता. पळताना इंग्रजांनी खजिन्याच्या आठ-दहा पेट्या आणि एकशेवीस शिपायांना पुरतील इतकी कोरी हत्यारे तशीच टाकली. माहीमला सिद्दीची तुकडी लढायच्या तयारीने गेली, तर तेही ओस.

दुसऱ्या दिवशी

माझगावच्या टेकडीवर शत्रूची माणसे किल्ल्यावरून दिसू लागली. आता चाइल्डला जाग आली. त्याने आपल्या मर्जीतल्या कॅप्टन पीनला दोन कंपन्या, प्रत्येकी सत्तरेक माणसे, घेऊन टेकडीवर धाडले. सोबत लेफ्टनंट मन्रो होता, मुरलेला सैनिक. तुकडी-तुकडीने बार काढू, म्हणजे काहींच्या बंदुका नेहमी भरलेल्या राहतील, असे तो म्हणाला. पीनने सगळ्यांना एकदमच बार काढायला लावले. बंदुका रिकाम्या झाल्याबरोबर सिद्दीची माणसे धावून आली. पहिला पळाला तो पीन. मन्रो तेरा-चौदा जणांसह जागेवर उभा राहिला आणि तिथेच कापला गेला.

फेब्रुवारीचा मध्य उलटताना

किल्ला आणि त्याच्या दक्षिणेचा अर्धा मैल सोडला तर सारे बेट सिद्दीचे झाले होते. डोंगरीच्या टेकडीवर त्याच्या तोफा चढल्या, तिथून किल्ल्याच्या तटाआतले दिसे. जकातघरात आणखी चार मोठ्या तोफा बसल्या. तटापासून दोनशे पावलांवर मोर्चा उभा राहिला.

त्याच महिन्यात संगमेश्वरला संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. आणि किल्ल्यात कोंडलेल्या इंग्रजांनी मदतीला पगारी घेतले ते तीन हजार मराठे. इतक्या तोंडांना पुरेल एवढे धान्य आत नव्हते. पावसाळाभर टंचाई वाढत गेली, आणि जून 1690 मध्ये सिद्दी माझगावची गढी जाळून परत गेला. ते पाहायला चाइल्ड उरला नव्हता; तो त्या वर्षीच्या फेब्रुवारीतच वारला होता. सिद्दी निघाला तो कंपनीने दीड लाख रुपये दंड भरून औरंगजेबाची माफी मिळवली म्हणून; त्यासाठी तिच्या वकिलांना हात बांधून बादशहापुढे उभे राहावे लागले.