‘विकायचं नाही’ म्हणण्याचा हक्क : मुळशी ते सौंदड

आजचा विषय ठरवताना आमच्यापुढे एक अडचण होती. जागा विकायला नकार देणाऱ्यांचा इतिहास म्हटला की मुंबईतल्या जुन्या चाळी आणि बिल्डर डोळ्यांसमोर येतात. मग सौंदडसारख्या ठिकाणी याचं काय? इथे कुठे टॉवर उभे राहतायत? पण सौंदड राष्ट्रीय महामार्गावरचं गाव आहे, गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे. रस्ता रुंद झाला की धुऱ्यापर्यंत येतो, धुऱ्यापासून ओसरीपर्यंत यायला त्याला वेळ लागत नाही. तेव्हा प्रश्न इथलाच आहे. घरमालक किंवा शेतकरी ‘विकायचं नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या त्या शब्दाला किती वजन असतं? आणि तो शब्द उच्चारण्याचा हक्क नेमका कोणाला असतो? आज आपण हे दोनच प्रश्न धरून चालू.

सुरुवात मुळशीपासून करावी लागते. पुणे जिल्ह्यात, निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीला धरण बांधायचं होतं. त्या पाण्यावर वीज तयार करून मुंबईला द्यायची, अशी योजना. त्यासाठी मुळशी पेट्यातली सुमारे 50 गावं बुडणार होती. भाताची खाचरं, राहती घरं, देवळं, सगळंच. कंपनीने जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांत चाचणीचे चर खणले आणि तिथून असंतोष पेटला. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी जमले आणि काम बंद पाडलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. काम काही महिने थांबलं, पुन्हा सुरू झालं, अटका झाल्या, बायाबापड्याही तुरुंगात गेल्या. 1924 मध्ये बापटांनी कामगारांची गाडी अडवून गोळीबार केला आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तिथे संपला. धरण झालं. आज पावसाळ्यात लोक मुळशीला तलाव बघायला जातात, त्याच्या तळाशी ती गावं आहेत.

ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. कमी सांगितली जाते ती पुढची. मुळशीतली बरीच जमीन कागदावर कसणाऱ्यांच्या नावावर नव्हतीच. ती पुण्यातल्या सावकारांच्या, जमीनदारांच्या नावावर गेली होती. कर्ज फिटलं नाही की जमीन सावकाराकडे, आणि मावळा त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबतोय, ही तिथली स्थिती. आता मोबदला कोणाला मिळणार? ज्याचं नाव, त्याला. त्यामुळे झालं असं, की घाम गाळणारा ‘नाही’ म्हणत होता आणि कागदावरचा मालक मोबदल्याचा भाव ठरवत होता. सरकारच्या लेखी दुसऱ्याचंच बोलणं मोजलं जात होतं. मुळशीचा पराभव पोलिसांनी केला हे खरं, पण तो आधी कागदावरही झालेला होता, असं आम्हाला वाटतं.

त्या वेळचा कायदाही बघा. 1894 चा भूसंपादन कायदा. त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेण्याचं वेगळं प्रकरणच होतं. सरकारने सार्वजनिक हेतू आहे म्हटलं की झालं. भाव कमी आहे म्हणून तुम्ही भांडू शकत होता, पण मला द्यायचीच नाही असं म्हणायला त्यात रकाना नव्हता. 1923 मध्ये, म्हणजे मुळशीचा लढा चालू असतानाच, त्या कायद्यात कलम 5-अ घातलं गेलं. आता 30 दिवसांत हरकत घेता येऊ लागली, कलेक्टरसमोर म्हणणं मांडता येऊ लागलं. अंतिम निर्णय मात्र सरकारचाच. म्हणजे ‘नाही’ ऐकून घ्यायची सोय झाली, मानायची नाही. हाच कायदा स्वातंत्र्यानंतरही 2013 पर्यंत चालला.

आता मुळशीहून आपल्या भागाकडे येऊ, कारण इथला कागद वेगळा होता. भोसल्यांचं नागपूर राज्य 1854 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी दिली गेली. नुसत्या शेतीची नव्हे, तर पडीक जमीन, जंगल, तलाव यांचीही. रयतेकडे राहिला तो कसण्याचा हक्क, आणि ‘निस्तार’. म्हणजे जळण, चराई, पाणी, मासे, घराला लागणारं लाकूड यांचा रिवाजाने चालत आलेला वापर. मालगुजार गाव विकू शकत होता, गहाण टाकू शकत होता. गाव विकलं जाताना गावकऱ्याला कोणी विचारत नव्हतं. हो म्हणायला नाही, आणि नाही म्हणायलाही नाही.

31 मार्च 1951 ला ही मालकी कायद्याने संपली. तलाव, जंगल, पडीक जमीन सरकारजमा झाली. आपण ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो ते हेच, माजी मालगुजारी तलाव. बाहेरगावच्या माणसाला वाटतं कोणाच्या तरी मामाने बांधले! यातले कितीतरी तलाव कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिले, त्यावर धानाच्या बांध्या पिकल्या, ढिवरांची घरं चालली. 1951 ने कुळाला मालकीकडे नेलं, ही फार मोठी गोष्ट झाली. पण ढिवराचा, गुराख्याचा, पाणी घेणाऱ्याचा हक्क निस्तार पत्रकाच्या नोंदीतच राहिला. मालक बदलला, आणि तलावाचं काय करायचं हे विचारताना या माणसांचं नाव यादीत कुठे, हा प्रश्न तसाच उरला.

पुढचा टप्पा रायगडचा. 2006 नंतर पेण, उरण, पनवेल तालुक्यांत रिलायन्सच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी 45 गावांची जमीन घ्यायचं ठरलं. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसं शेतकऱ्यांबरोबर उभी राहिली. तिथे एक वेगळीच गोष्ट घडली. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 ला सरकारनेच लोकांचा कौल घेतला. जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांनी मतदान केलं. लोक मोठ्या संख्येने विरोधात गेले. संपादन मुदतीत पुरं झालं नाही आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. मुळशीनंतर 87 वर्षांनी सरकारने ‘तुम्हाला द्यायची आहे का?’ असं विचारलं, एवढं तरी झालं.

मग 2013 चा नवा कायदा आला, 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के, सरकार आणि खासगी भागीदारी असेल तर 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी. ‘नाही’ला पहिल्यांदा आकडा मिळाला. याच कायद्याने आणखी एक गोष्ट मान्य केली. ज्याच्या नावावर जमीन नाही, पण तीन वर्षं त्याच जमिनीवर ज्याचं पोट आहे, तो कूळ, मजूर, कारागीर हाही बाधित. मुळशीच्या मावळ्याला हे मिळालं नव्हतं. पण कलम नीट वाचा. पुनर्वसनासाठी तो बाधित धरला जातो; संमती मोजताना मात्र जमीनमालक, आणि सरकारकडून जमीन मिळालेली कुटुंबं, एवढेच. दुःख मोजलं जातं, मत मोजलं जात नाही. 1921 मधली ती फट अजून पूर्ण बुजलेली नाही, ती ही.

आणि रस्त्याचं काय? राष्ट्रीय महामार्गाची जमीन 1956 च्या वेगळ्या कायद्याने घेतली जाते. अधिसूचना निघते, 21 दिवसांत हरकत घ्यायची, त्यानंतर जमीन केंद्र सरकारची. 2015 पासून मोबदला नव्या कायद्याच्या दराने मिळतो, पण संमतीची अट इथे नाही. शहरातही एकट्याच्या नकाराचं वजन घटत गेलंय. 2019 पासून सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या म्हातारीचा नकार आता बिल्डरच्या विरोधात कमी, शेजाऱ्यांच्या विरोधात जास्त मोजला जातो. त्यात शेजाऱ्यांचीही बाजू असते, हे विसरू नये. गळक्या, पडायला आलेल्या इमारतीत तेही राहत असतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत न्यू लंडन नावाच्या गावात सुझेट केलो या बाईने घर द्यायला नकार दिला. 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ती 5 विरुद्ध 4 मतांनी हरली. घर तिथून हललं. पुढे शेजारच्या बड्या औषध कंपनीनेच गाव सोडलं आणि ज्या विकासासाठी जागा घेतली ती वर्षानुवर्षं ओसाड पडून राहिली. नकार देणारा नेहमी बरोबर असतो असं आम्ही म्हणत नाही. मुळशीच्या विजेवर मुंबई चालली, तलावावर धान पिकतं, रस्त्याने दवाखाना जवळ येतो. पण ज्याला विचारलंच नाही त्याचं बरोबर होतं की चूक, हे ठरवणार तरी कसं?

शेवटी सौंदडमधल्या, आणि दुसरीकडून ऐकणाऱ्यांसाठीही, एक कामाची गोष्ट. इतिहास सांगतो की नोटीस येते तेव्हा उशीर झालेला असतो; मोजलं जातं ते कागदावरचं नाव. तेव्हा घरी गेल्यावर सातबारा काढून बघा. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली आणि नाव अजून त्यांचंच आहे का? वारस नोंद झालीय का? बहिणींची नावं आहेत का? 2005 पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, पण फेरफारात तिचं नाव नसेल तर तिच्या ‘नाही’ला कोण विचारणार? गावठाणातल्या घराचं काय? ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. 2020 पासून ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रकं देण्याचं काम चाललंय, तुमचं पत्रक आलंय का ते विचारा. आणि तलावावर, चराईवर जगणाऱ्यांनी निस्तार पत्रकात आपल्या वापराची नोंद काय आहे, हे तहसीलमध्ये जाऊन बघावं.

हे काम रुक्ष आहे, रांगेत उभं राहण्याचं आहे, तलाठ्याकडे चार खेपा मारण्याचं आहे. मुळशीच्या मावळ्यांकडे हिंमत होती, बापटांसारखा माणूस होता, लोकांचा पाठिंबा होता. कागद नव्हता. तुम्ही उद्या ‘हो’ म्हणाल की ‘नाही’, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ते विचारलं जाईल तेव्हा यादीत तुमच्या घरातल्या प्रत्येकाचं नाव असू द्या, एवढंच सांगून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.