विमानाची जन्मतिथि कोणती?

मनुष्याची जन्मतिथि एक असते. विमानाच्या तिथि मात्र अनेक. कारखान्यांतून तें बाहेर पडतें तो एक दिवस, प्रथम आकाशांत झेंपावतें तो दुसरा, सरकार त्यास उड्डाणयोग्यतेचें प्रमाणपत्र देतें तो तिसरा, आणि तिकीट काढलेला उतारू त्यांत बसतो तो चौथा. विमान-कंपनी चालविण्याचे जे खेळ हल्लीं संगणकावर खेळले जातात, त्यांत या साऱ्यांची बहुधा एकच तारीख केलेली असते. खेळांतील पंचांग तेथवर सरकलें, कीं नवें विमान विक्रीच्या यादींत येतें; मग ज्याच्या गांठीं पैसा त्यानें तें घ्यावें. ही योजना सुटसुटीत खरी. परंतु इतिहासानें विमानांचा न्याय अशा एका तारखेवरून केलेला नाहीं.

याचें बोलकें उदाहरण कॉमेटचें. इंग्लंडांतील डी हॅविलंड कंपनीचें हें जेट विमान २७ जुलै १९४९ रोजीं प्रथम उडालें. जानेवारी १९५२ मध्यें त्यास प्रमाणपत्र मिळालें, आणि २ मे १९५२ रोजीं लंडनहून जोहान्सबर्गकडे त्याची सेवा सुरू झाली. जेट विमानानें उतारूंची नियमित वाहतूक जगांत प्रथमच होत होती. मुहूर्त इंग्लंडानें साधला होता.

बरोबर एक वर्षानें, २ मे १९५३ रोजीं, कलकत्त्याहून निघालेलें एक कॉमेट वादळांत सांपडून कोसळलें व ४३ माणसें प्राणांस मुकलीं. तो दोष वादळाच्या माथीं गेला. १० जानेवारी १९५४ रोजीं एल्बा बेटाजवळ दुसरें विमान ३५ जणांसह समुद्रांत पडलें. जोहान्सबर्गची पहिली सफर ज्यानें केली तेंच हें विमान! उड्डाणें थांबलीं, कांहीं फेरफार झाले, आणि खरें कारण हातीं लागण्यापूर्वींच मार्चमध्यें पुन्हां सुरू झालीं. ८ एप्रिल रोजीं नेपल्सनजीकच्या समुद्रांत आणखी २१ जीव गेले.

तेव्हां कोठें फार्नबरो येथील संशोधकांनीं एक अख्खें विमान पाण्याच्या टांकींत ठेवून, उड्डाणांत पडणारा दाब त्यावर पुन्हां पुन्हां दिला. जुनीं उड्डाणें धरून सुमारें ३,००० आवर्तनें होतांच त्याचा पत्रा फाटला. धातूस आलेला थकवा हेंच या अपघातांचें कारण, हें येथें कळून आलें.

सुधारलेलें कॉमेट ४ ऑक्टोबर १९५८ रोजीं अटलांटिक ओलांडून उतारू नेऊं लागलें. अमेरिकेचें बोइंग ७०७ त्यानंतर २२ दिवसांनीं त्या मार्गावर आलें. तें मोठें होतें, आणि कॉमेटच्या चौकशीचा धडा सर्वांपुढें उघडा होता. बाजार बोइंगनें जिंकला. आपल्या एअर इंडियानेंही १९६० सालीं ७०७ घेऊनच न्यूयॉर्क गांठलें.

१९९४ सालीं निघालेल्या 'ट्रान्स्पोर्ट टायकून' या वाहतुकीच्या खेळांत या सत्याची थोडी जाणीव दिसते. तेथें नवें वाहन कधीं कधीं एकाच कंपनीस वर्षभर आधीं वापरावयास मिळतें. पण नवेपणीं तें कमी भरंवशाचें असतें, आणि मागाहून सुधारतें. तथापि खेळांत अग्रमानाची किंमत बिघाडांनीं चुकते. कॉमेटची किंमत उतारूंनीं प्राणांनीं चुकविली. म्हणून विमानाची खरी जन्मतिथि यादींत नाव चढण्याची नव्हे. त्याच्यावर निःशंकपणें विश्वास टाकतां येतो तो दिवस होय. तो कोणत्याही पंचांगांत आगाऊ छापतां येत नाहीं.