जगताप, टोपीकर, यक्ष : काल्पनिक जगातील नावांचा एक कोल्हापुरी इतिहास

१/
१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा दाखल झाली. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मात्र या नावाचा लेखक अस्तित्वातच नव्हता. मराठी विज्ञानकथेतील एक अत्यंत यशस्वी काल्पनिक नाव असे कथेच्या आत न जन्मता तिच्या मथळ्याखाली जन्मले.

२/
खरे लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. स्पर्धेच्या वेळी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पद्मभूषण मिळून नऊ वर्षे झाली होती. कीर्तीचे वजन परीक्षकांच्या निर्णयावर पडू नये म्हणून त्यांनी ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली. ना. वि. ज. तयार झाले आणि त्यांतून ‘नारायण विनायक जगताप’ उभे राहिले. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून मंगला नारळीकर यांनी कथेची प्रत आपल्या हाताने लिहून काढली.

३/
हे नाव यशस्वी का झाले? कारण ते कोणाच्याही डोळ्यांत भरले नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही मराठी नावाची त्रिपदी त्यात चोख होती. तिन्ही भाग परिचित होते आणि एकत्र नांदू शकत होते. वाचकाला असा माणूस कुठेतरी असणार, असे सहज वाटले. काल्पनिक मनुष्यपात्राच्या नावाची पहिली कसोटी हीच : नावामागे एक न सांगितलेले घर, एक गाव, एक बाप असल्याचा भास व्हायला हवा.

४/
आज विज्ञानकल्पित गेम रचणाऱ्यांपुढे हाच प्रश्न शेकडो पटींनी उभा असतो. १९८४ साली ब्रिटनमध्ये आलेल्या ‘एलिट’ या गेममध्ये आठ दीर्घिका होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. म्हणजे २०४८ नावे. त्या काळच्या संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत एवढी यादी मावणे अशक्य होते. म्हणून डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी दोन-दोन अक्षरांच्या जोड्या गणिती नियमाने जुळवून नावे घडवली. लाव्ह, डिसो, लीस्टी असे ग्रह त्यातून निघाले. उच्चार जमला, पण त्या नावांना भूतकाळ नव्हता. यंत्र अक्षरे जुळवते. नावावर इतिहासाचा थर चढवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

५/
थर म्हणजे काय, ते पाहण्यासाठी महाराष्ट्रातलेच एक नाव घ्यावे : जोतीराव फुले. जन्म १८२७. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरील जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मले म्हणून नाव जोती. घराण्याचे जुने आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे ते ‘फुले’ झाले. वर ‘राव’ हा आदराचा प्रत्यय. एका नावात एक देव, एक तिथी, एक धंदा आणि समाजाने दिलेला एक मान सामावला आहे. कल्पित संस्कृतीतील नावही असेच विचारते : यांचे देव कोणते, यांचे धंदे कोणते, आणि मान कोणाला दिला जातो?

६/
आडनाव रक्ताने चालत येते, हा समजही कोल्हापूरच्या परिसरात टिकत नाही. इचलकरंजी संस्थानाचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी हे कापशीच्या सेनापती संताजी घोरपडे यांच्या आश्रयाने पुढे आले. त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी जोशी हे आडनाव सोडून घोरपडे हे धारण केले. जात वेगळी, कूळ वेगळे, तरी नाव एक. म्हणून मराठी मुलखात घोरपडे म्हणवणारी दोन निरनिराळी घराणी भेटतात आणि त्यांच्यातील नाते रक्ताचे नसून निष्ठेचे असते. कल्पित साम्राज्यात असे एखादे उसने घेतलेले नाव ठेवले, तर एका शब्दात एक पूर्वकथा उभी राहते.

७/
नावे वरून, हुकमानेही बदलतात. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात (१६७४) कारभारातील फारसी पदनामांच्या जागी संस्कृत पदनामे आणली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. या प्रयत्नाला राज्यव्यवहारकोशाची जोड मिळाली. सत्ता स्वतंत्र झाली की तिला स्वतःच्या शब्दांत बोलावेसे वाटते, हे त्यामागचे कारण.

८/
पण लोकव्यवहाराने त्या हुकमाचे काय केले? मुजुमदार, डबीर, सरनोबत ही आडनावे आजही महाराष्ट्रात नांदत आहेत. पद गेले, कोश झाला, राज्य गेले, नाव राहिले. दुसऱ्या बाजूस, अमात्यपद ज्या घराण्यात आले त्याला त्याच्या जहागिरीवरून ‘बावडेकर’ म्हटले जाऊ लागले. संस्कृत पदनामाशेजारी गावाचा साधा ‘कर’ येऊन बसला. खऱ्या समाजात जुनी आणि नवी नावे एकाच वेळी नांदतात. ज्या कल्पित समाजातील सगळी नावे एकाच साच्यातून निघालेली असतात, तो समाज कालच जन्मला आहे, हे वाचकाला आणि खेळणाऱ्याला लगेच कळते.

९/
आता परक्यांकडे वळू. कोल्हापूरच्या इतिहासात परग्रहवासी नाहीत, परंतु समुद्रापलीकडून आलेले अनोळखी लोक आहेत. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५-१६च्या सुमाराचे, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळातले. त्यात युरोपीय व्यापाऱ्यांपासून सावध राहण्याचा उपदेश आहे आणि त्या सर्वांसाठी एक सामूहिक नाव आहे : टोपीकर. पगडी-पागोट्याच्या मुलखात जे प्रथम डोळ्यांना खुपले, त्यावरून नाव पडले.

१०/
‘टोपीकर’ या शब्दाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. मराठीत ‘कर’ बहुधा गाव सांगतो : निंबळकचे निंबाळकर, बावड्याचे बावडेकर. या लोकांचे गाव ठाऊक नव्हते, म्हणून त्यांची टोपीच त्यांचे गाव ठरली. त्यांच्यातील पोटभेदांना मात्र त्यांच्याच नावांचे झिजलेले रूप मिळाले. पोर्तुगीजांच्या तोंडून आलेल्या हॉलंडच्या नावाचे ‘वलंदेज’ झाले, डेन्मार्कचे ‘डिंगमार’. परक्या जमातीला नेहमी निदान दोन नावे असतात : एक ती स्वतःला देते ते, आणि दुसरे शेजारी तिला देतात ते. दुसऱ्या नावात शेजाऱ्याची भीती, थट्टा आणि जिभेची सवय मिसळलेली असते.

११/
जिभेच्या सवयीचे विसाव्या शतकातील उदाहरण अमेरिकेतले आहे. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’ चित्रपटमालिकेतील क्लिंगॉन जमातीसाठी भाषा रचली. १९८५ साली तिचा शब्दकोश निघाला. इंग्रजी कानाला परके वाटावेत असे ध्वनी त्यांनी मुद्दाम निवडले. त्यांपैकी एक म्हणजे जीभ मागे वळवून उच्चारला जाणारा मूर्धन्य ‘ड’. हॉलिवूडला जो ध्वनी दुसऱ्या ग्रहावरचा वाटला, तो कोल्हापुरात ‘डोंगर’ म्हणताना रोज ओठांवर येतो. परकेपणा ध्वनीत नसतो. तो ऐकणाऱ्याच्या कानात असतो. म्हणून इंग्रजी गेममधील खरखरीत नावे उचलून मराठी कल्पित जगात ठेवली, की ती उसनी वाटतात, परकी नव्हे.

१२/
मग मराठी कानाला परके आणि तरीही अर्थपूर्ण नाव कसे द्यावे? नारळीकरांनी परंपरेच्या कोठारातून शब्द काढले. १९७९च्या कथासंग्रहाचे नाव ‘यक्षांची देणगी’. यक्ष हा देव नव्हे, माणूस नव्हे, असुरही नव्हे. तो कुबेराच्या धनाचा राखणदार आणि महाभारतात युधिष्ठिराला प्रश्न विचारणारा आहे. ज्ञान आणि संपत्ती बाळगणाऱ्या अनोळखी प्रगत जीवाला हा शब्द चपखल बसतो. ‘प्रेषित’ या कादंबरीच्या नावात कोणीतरी पाठवलेला, ही कल्पना आहे; धर्मग्रंथांच्या मराठीत रुळलेला हा शब्द तिने अंतराळात नेला. ‘वामन परत न आला’मध्ये यंत्रमानवाला वामन हे नाव आहे. बळीची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला धाकट्या आकाराची भीती तिथेच कळते.

१३/
अशा नावांची ताकद उघड आहे. तीन अक्षरांत हजार वर्षांची स्मृती जागी होते आणि लेखकाची चार पाने वाचतात. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथालेखनाची दखल घेतली, त्यामुळे हा प्रकार मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहाच्या नजरेत आला. विज्ञानकथा मराठीत रुजली, त्यात तिच्या मराठी नावांचाही वाटा आहे.

१४/
परंतु याच ताकदीत एक धोका दडलेला आहे. एखाद्या जमातीला ‘असुर’ म्हटले की तिच्याशी भेट होण्यापूर्वीच निकाल लागतो. अनेक गेममध्ये जमात म्हणजे एकच स्वभाव असतो : ही लढवय्यी, ती लबाड, ती लोभी. जमातीच्या नावातच कर्कश अक्षरे पेरून खेळणाऱ्याला इशारा दिला जातो की येथे गोळी झाडायला हरकत नाही. हा केवळ कल्पनेचा दोष असता, तर दुर्लक्ष करता आले असते.

१५/
इतिहासात मात्र हे प्रत्यक्ष घडले आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. व्यक्तीने काय केले हे न पाहता, ती कोणत्या नावाच्या जमातीत जन्मली यावरून तिला संशयित ठरवले जाऊ लागले. नोंदणी, ठरावीक ठिकाणी वास्तव्य, परवान्याविना प्रवासाला बंदी आणि वेळोवेळी हजेरी. जमातीचे नाव हाच पुरावा. देशपातळीवर हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले.

१६/
कोल्हापूर संस्थानातही काही जातींतील लोकांना गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. नाव पुकारले जाई, माणसाने ‘आहे’ म्हणायचे. तेवढ्यासाठी दिवसाचे काम, परगावचा प्रवास, पाहुण्याघरचे लग्न सारे सोडून यायचे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ साली ही हजेरी बंद करण्याचा हुकूम काढला. त्यामुळे लोकांची नावे बदलली नाहीत. बदलली ती नाव पुकारणाऱ्याची सत्ता. यानंतर जन्माने कोणी संशयित ठरणार नाही, निदान चावडीवर तरी नाही, एवढे त्या हुकमाने साधले.

१७/
कल्पित जग रचणाऱ्याला या इतिहासातून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, नावांचे थर : देव, धंदा, गाव, पदवी, उसनवारी आणि झीज यांचे मिश्रण असू द्यावे. दुसरी, प्रत्येक जमातीला दोन नावे द्यावीत, स्वतःचे आणि शेजाऱ्यांनी ठेवलेले. ‘टोपीकर’ म्हणणारा कोण आहे, हे खेळणाऱ्याला कळू द्यावे. तिसरी, जमातीच्या नावाआधी तिच्यातील एका व्यक्तीला पूर्ण नाव द्यावे, बापासकट, आडनावासकट.

१८/
तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चावडीवर पुकारलेल्या नावात माणूस जमातीत विरघळतो, तर नारायण विनायक जगताप या कागदी नावातसुद्धा एक अख्खा माणूस उभा राहतो. दोन्हीकडे अक्षरेच आहेत. फरक आहे तो नाव कोणी ठेवले, कशासाठी ठेवले आणि ऐकणाऱ्याने त्यावरून काय गृहीत धरले यात. दूरच्या ग्रहावरील एखाद्या प्राण्याचे नाव ठरवताना हे तीन प्रश्न विचारले, तर अक्षरे आपोआप सुचत जातात.