रस्ता सार्वजनिक, मग बसचा पट्टा कोणाच्या डोळ्यांत खुपला?

पुण्याच्या रस्त्यांना जो इतिहास आहे, तो केवळ पेशव्यांच्या स्वाऱ्यांचा नाही. याच शहरात पेशवाईत अस्पृश्यांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवून ठेवले आहे. त्यामुळे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटांच्या जोडीला रस्ते का आले, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

संविधानाने रस्त्यावर प्रवेश दिला. पण प्रवेश वेगळा आणि वाटा वेगळा. गळ्यातल्या मडक्याची बरोबरी बसमधल्या गर्दीशी आम्ही करत नाही. तरीही ‘हा रस्ता कोणाचा?’ हा प्रश्न संपलेला नाही, आणि पुण्याच्या बीआरटीचा इतिहास त्याचीच साक्ष देतो.

बीआरटी म्हणजे केवळ नवी बस नव्हे. रस्त्यात बससाठी राखलेला पट्टा, बसच्या दाराच्या उंचीचा थांबा आणि खंड न पडता येणाऱ्या गाड्या, या तिन्ही गोष्टी मिळून ती होते. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये असा मार्ग सुरू केला. तेव्हा त्या शहराची लोकसंख्या १९७० च्या जनगणनेनुसार सुमारे सहा लाख होती. भुयारी रेल्वेच्या मानाने फार थोड्या खर्चात त्यांनी लोकांना वेगवान प्रवास दिला. पुढे १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे आले. तिथे आधी पैसे भरायचे आणि मग थेट समपातळीवरून बसमध्ये शिरायचे.

मात्र कुरितिबाचे गोडवे गाणारे एक गोष्ट सांगत नाहीत. महापौर जेमी लर्नर तेव्हा लष्करी राजवटीत नेमले गेले होते. मोटारवाल्यांच्या मतांची त्यांना धास्ती नव्हती. आम्हाला तसली राजवट नको. पण लोकशाहीत ज्यांचा आवाज मोठा त्यांचेच ऐकले जाते, आणि बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा आवाज संघटित नाही.

पुण्यात काय घडले ते पाहा. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचे जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले. २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. रस्त्याची जागा वाटताना वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी ठेवा, असे ते सांगत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातील पहिली बीआरटी धावू लागली. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल स्थापन झाली.

अंमलबजावणी सदोष होती, हे आम्ही नाकारत नाही. पट्टा सलग नव्हता. मधल्या थांब्यापर्यंत जायला धड वाट नव्हती, रस्ता ओलांडताना माणसांचा जीव टांगणीला लागे. बस अपुऱ्या, म्हणून पट्टा रिकामा दिसे. मग शेजारच्या कोंडीत अडकलेला मोटारवाला म्हणे, ‘एवढी जागा वाया कशाला?’ यावर साधे उत्तर होते: बस वाढवा. व्यवस्थेने उलटे केले. ठिकठिकाणी पट्टा इतर वाहनांना मोकळा झाला.

२०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने नवे मार्ग सुरू झाले, पिंपरी-चिंचवडमध्येही सुरू झाले. पहिल्या चुकांतून शिकून समपातळीचे थांबे बांधले गेले. तरीही २०२३ मध्ये नगर रस्त्यावरील बीआरटी उखडायला घेतली गेली. कारण काय, तर वाहतूक कोंडी!

आता न्यायाचे माप बघा. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. बांधून पुरती दोन दशकेही झाली नव्हती. म्हणून ‘उड्डाणपूल ही कल्पनाच फसली’ असे कोणी म्हटले का? नाही. तिथेच नवा दुमजली पूल हाती घेतला गेला. मोटारीसाठी केलेली चूक दुरुस्त होते. बससाठी केलेली चूक मात्र बसलाच भोवते. मेट्रोला आमचा विरोध नाही. पण तिचे स्वागत इतक्या सहज का झाले? खांबांवरून किंवा जमिनीखालून जाणारी मेट्रो कायमस्वरूपी मोटारीचा पट्टा मागत नाही. बीआरटीने तो मागितला, हाच तिचा गुन्हा.

पन्नास माणसे नेणारी बस दोन-तीन मोटारींएवढी जागा व्यापते. त्या मोटारींत माणसे किती असतात, ते सिग्नलला उभे राहून मोजा. आणि बसमध्ये कोण असते तेही पाहा: धुणीभांडी करणारी बाई, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, वस्तीतून महाविद्यालयात निघालेली मुलगी. यांचा रोजचा अर्धा तास वाचतो की जातो, हा सामाजिक न्यायाचाच प्रश्न आहे.

आपल्या चळवळीने आरक्षणाचा आणि शिष्यवृत्तीचा हिशेब मागितला. आता रस्त्याचाही मागायला हवा. महापालिकेचे अंदाजपत्रक येईल तेव्हा नगरसेवकाला दोनच प्रश्न विचारा: उड्डाणपुलांना किती दिले, बसला किती? आणि आमच्या रस्त्याच्या रुंदीतले किती मीटर बससाठी राखणार? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.