दौंडच्या माळापासून इंटरनेटपर्यंत : पुणे जिल्ह्यातील एका विद्येचा प्रवास

१/
इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार, संगणक आणि इंटरनेट या विषयांचा अभ्यास करायचा तर पुण्या-मुंबईला जावे, त्यापुढे परदेशी जावे, असा आपल्याकडे समज आहे. शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या गावाचा या विद्येशी काय संबंध, असे तिथला विद्यार्थीही सहज म्हणून जातो. संबंध आहे, आणि तो जवळपास शंभर वर्षांचा आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
आधी नकाशा डोळ्यांपुढे आणू. वेळ नदीकाठचे तळेगाव ढमढेरे, तालुका शिरूर. (१७७९ च्या वडगावच्या लढाईच्या संदर्भात येणारे तळेगाव ते नव्हे. ते मावळातले तळेगाव दाभाडे. ही गल्लत इतिहासप्रेमींकडूनही वारंवार होते.) या गावाच्या पश्चिमेला खडकी, आग्नेयेला दौंड आणि उत्तरेला जुन्नर तालुक्यातील आर्वी-खोडद. ही ठिकाणे रेषांनी जोडली की एक त्रिकोण तयार होतो. तळेगाव ढमढेरे त्या त्रिकोणाच्या पोटात येते.

३/
त्रिकोणाचे पहिले दोन कोन १९२७ चे आहेत. त्याआधी हिंदुस्थानचा इंग्लंडशी तारसंपर्क मुख्यतः समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलवर अवलंबून होता. मुंबई १८७० मध्ये एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर या मार्गाने इंग्लंडच्या केबलला जोडली गेली. केबल भरवशाची होती, पण महाग होती, आणि तिची मालकी मोजक्या कंपन्यांच्या हाती होती.

४/
पर्याय होता बिनतारी संदेशवहनाचा. सुरुवातीच्या काळात लांब पल्ल्यासाठी लांब लहरी आणि प्रचंड शक्तीची यंत्रे लागतात, असे मानले जाई. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी सी. एस. फ्रँकलिन यांनी वेगळी वाट धरली. लहरी आखूड घ्यायच्या आणि दिव्याचा झोत फेकावा तशा एकाच दिशेला सोडायच्या. यासाठी एका तारेऐवजी अनेक तारांची शिस्तबद्ध रांग उंच मनोऱ्यांवर टांगली जाई. या पद्धतीला ‘बीम’ असे नाव पडले. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने मार्कोनी कंपनीशी करार केला. त्यात दोन्ही दिशांनी मिनिटाला शंभर शब्दांची अट होती.

५/
अनेक तारा एकत्र येऊन झोत कसा तयार होतो? प्रत्येक तार लहर सोडते. समोरच्या दिशेला सगळ्या लहरींचे चढ-उतार एकाच वेळी येतात आणि त्यांची बेरीज होते. बाजूच्या दिशांना एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो आणि त्या एकमेकींना पुसून टाकतात. परिणामी कमी शक्तीत दूरवर संदेश पोचतो. हे तत्त्व लक्षात ठेवावे. थ्रेडच्या शेवटाकडे ते पुन्हा भेटणार आहे.

६/
हिंदुस्थानच्या बाजूला ही व्यवस्था उभारली इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने. संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला, तर संदेश घेण्याचे केंद्र दौंडला. इंग्लंडच्या टोकाला ग्रिम्सबी आणि स्केगनेस ही जोडी होती. १९२७ मध्ये ही सेवा सुरू झाली. ज्या दौंडला आपण केवळ मनमाडकडे आणि सोलापूरकडे फुटणाऱ्या रेल्वेमार्गांचे जंक्शन म्हणून ओळखतो, तिथे लंडनहून निघालेला संदेश आकाशातून उतरत होता.

७/
दोन केंद्रे इतकी दूर का? खडकी-दौंड हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. हजारो मैलांवरून आलेली लहर अत्यंत क्षीण असते. शेजारीच प्रबळ प्रक्षेपक चालू असेल, तर ढोल वाजत असताना कुजबुज ऐकण्यासारखा प्रकार होतो. एकाच वेळी पाठवायचे आणि घ्यायचे असेल, तर कान तोंडापासून लांब ठेवावे लागतात. दौंडचा सपाट, मोकळा आणि विद्युत गोंगाटापासून दूर असलेला परिसर त्या कामाला सोयीचा होता. रेल्वे आणि तार या दोन्ही सोयीही हाताशी होत्या.

८/
बीम इतकी स्वस्त आणि वेगवान ठरली, की केबल कंपन्यांचे धाबे दणाणले. १९२८ मध्ये लंडनला साम्राज्याची परिषद भरली आणि केबल व बिनतारी यांचे एकत्रीकरण ठरले. पुढे जगप्रसिद्ध झालेली ‘केबल अँड वायरलेस’ कंपनी त्यातून आली. हिंदुस्थानातही १९३२ मध्ये दोन्ही व्यवसाय एकत्र होऊन इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. १९३३ मध्ये मुंबई-लंडन रेडिओ-टेलिफोनही सुरू झाला.

९/
इथे एक प्रश्न थांबून विचारला पाहिजे. यंत्र दौंडला आले, पण विद्या आली का?
या यंत्रणेची आखणी इंग्लंडमध्ये झाली. पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था होती, तीच आजची ‘सीओईपी’. पण १९२७ मध्ये तिथे दूरसंचार या विषयाची स्वतंत्र पदवी नव्हती. पाऊणशे किलोमीटरवर जगातील अद्ययावत अँटेना उभी होती, आणि तिचे गणित शिकवणारा वर्ग जिल्ह्यात नव्हता. यंत्र येणे आणि विद्या येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामधले अंतर किती वर्षांचे, यावर त्या प्रदेशाचे भवितव्य ठरते.

१०/
हे अंतर स्वातंत्र्याच्या सुमारास मिटू लागले. १ जानेवारी १९४७ रोजी परदेशी संदेशवहन सरकारच्या ताब्यात आले आणि ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ हे खाते निर्माण झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पन्नासच्या दशकात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचाराचे पदवीधर बाहेर पडू लागले होते.

११/
त्यांपैकी एक नाव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे : थॉमस कैलथ. जन्म पुण्यात, १९३५ चा. घर मल्याळी. शालेय शिक्षण सेंट व्हिन्सेंट्समध्ये. १९५६ मध्ये पुण्यातूनच दूरसंचारातील पदवी. तेथून ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विद्युत अभियांत्रिकीत एमआयटीची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले भारतात जन्मलेले विद्यार्थी मानले जातात. १९६३ पासून त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन केले.

१२/
कैलथ यांचा विषय होता गोंगाटातून संदेश वेगळा काढण्याचे गणित. म्हणजे दौंडच्या माळावरचाच मूळ प्रश्न, फक्त आता तारा आणि मनोऱ्यांच्या जागी समीकरणे होती. त्यांचे एक विद्यार्थी जॉन चोफी यांनी पुढे साध्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून वेगवान इंटरनेट नेणाऱ्या डीएसएल तंत्रज्ञानात पायाभूत काम केले. घरातल्या टेलिफोनच्या तारेवर ज्यांनी ब्रॉडबँड वापरले, त्यांच्या घरापर्यंत ही गुरुपरंपरा पोचली होती.

१३/
दुसरे नाव आरोग्यस्वामी पॉलराज. मूळचे तमिळनाडूचे, नौदलाचे अधिकारी. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात. पुढे दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट, मग स्टॅनफर्ड. तिथे १९९४ मध्ये पॉलराज आणि कैलथ यांच्या नावे एक अमेरिकी पेटंट मंजूर झाले. त्याचा गाभा असा : एकाऐवजी अनेक अँटेना वापरल्या, तर त्याच लहरपट्ट्यात एकाच वेळी अनेक प्रवाह पाठवता येतात. या तंत्राला आज ‘मिमो’ म्हणतात. आधुनिक वाय-फाय आणि ४जी त्याच्याशिवाय उभे राहू शकत नाहीत.

१४/
आता पाचवा भाग आठवा. १९२७ मध्ये अनेक तारांच्या लहरींची बेरीज साधून एक झोत तयार केला गेला. १९९४ च्या कल्पनेत अनेक अँटेनांवर आलेल्या लहरींची सरमिसळ गणिताने सोडवून अनेक झोत वेगळे काढले गेले. तत्त्वाचे मूळ एकच. फरक असा, की पहिल्या वेळी पुणे जिल्ह्याने फक्त जमीन दिली होती. दुसऱ्या वेळी पेटंटावरील दोन्ही नावे पुणे जिल्ह्यात पदवीचे शिक्षण घेतलेल्यांची होती.

१५/
त्रिकोणाचा तिसरा कोन १९७१ चा. नारायणगावजवळ आर्वी येथे परदेशी दळणवळणासाठी देशाचे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. सुमारे तीस मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली. डॉ. विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी हे काम केले. पुढे केंद्राला ‘विक्रम’ हेच नाव मिळाले. जागेच्या निवडीचे कारण ओळखीचे आहे : शांतता. भोवतालचे डोंगर बाहेरच्या लहरींना अडवतात.

१६/
त्याच परिसरात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी ‘वाय’च्या आकारातील तीन भुजांवर. ऑप्टिकल फायबरने सगळ्यांचे संकेत एकत्र आणून त्यांची गणिती सांगड घातली जाते. २००१ मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. पुन्हा तेच : अनेक अँटेना, एक गणित. आणि हे यंत्र इथल्याच अभियंत्यांनी आखले आणि बांधले.

१७/
संगणकाची बाजूही पाहू. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. यातही अनेक छोट्या प्रोसेसरांना एकत्र कामाला लावण्याची युक्ती होती. १९९३ मध्ये सी-डॅकने प्रगत संगणनाचे प्रशिक्षण देणारी आपली शाखा सुरू केली. १९२७ नंतर विद्या यायला दोन दशकांहून अधिक काळ लागला होता. या वेळी यंत्र आणि वर्ग यांच्यात दोन वर्षांचेच अंतर राहिले.

१८/
आणि इंटरनेट? १९८६ मध्ये ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचे ‘विदेश संचार निगम’ झाले. याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. वंशावळ जोडून पाहा : इंडियन रेडिओ टेलिग्राफ, इंडियन रेडिओ अँड केबल, ओव्हरसीज कम्युनिकेशन्स, विदेश संचार निगम. भारताला इंटरनेट देणाऱ्या संस्थेचे एक मूळ खडकीत आणि दौंडात आहे.

१९/
थोडे गणित करू. मिनिटाला शंभर शब्द, म्हणजे सुमारे सहाशे रोमन अक्षरे, म्हणजे सेकंदाला दहा. १९९५ च्या मोडेमचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. एका अक्षराला पुढचे-मागचे धरून दहा बिट लागले, तर सेकंदाला ९६० अक्षरे. दौंडला संपूर्ण साम्राज्याच्या व्यवहारासाठी जो वेग अटीत होता, त्याच्या जवळजवळ शंभरपट वेग अडुसष्ट वर्षांनी एका घरातल्या एका टेलिफोनला मिळाला.

२०/
मात्र हा वेग कोणाच्या घरात पोचला, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिली. शुल्कावरून, दर्जावरून वाद झाले, ते आजही आहेत. पण महाविद्यालये शहराच्या वेशीबाहेर आली आणि शेतकऱ्याच्या घरातील पहिला अभियंता तयार होऊ लागला, हेही खरे. २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता मिळाली आणि पिंपरी-चिंचवडमधील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा वर्ग मराठीतून सुरू झाला.

२१/
आज दूरसंचाराचा विद्यार्थी जी प्रकरणे वाचतो, ती या भूमीवर जागोजागी लिहिलेली आहेत. अँटेनांची रांग : दौंड आणि खडकी. उपग्रह संदेशवहन : आर्वी. संकेतांची गणिती सांगड : खोडद. समांतर संगणन : पुण्यातील सी-डॅक. तळेगाव ढमढेऱ्याहून यांपैकी कुठलेही ठिकाण एका दिवसात जाऊन परत येण्याच्या टप्प्यात आहे.

२२/
किल्ल्यांचे बुरूज आपण मोजतो, ते योग्यच आहे. पण दौंडच्या मनोऱ्यांचीही नोंद स्थानिक इतिहासात व्हायला हवी. तिथे कोण तारमास्तर होते, कोणी मनोरे रंगवले, कोणाच्या जमिनी गेल्या, हे सरकारी कागदांपेक्षा घरोघरच्या आठवणींत अधिक सापडेल. दौंड, खडकी किंवा आर्वी-खोडद परिसरातील वाचकांनी आपल्या आजी-आजोबांना जरूर विचारावे, आणि जे कळेल ते तारीखवार लिहून ठेवावे.

२३/
शेवटी इतकेच. यंत्र कोणीही आणून उभे करू शकतो. १९२७ मध्ये ते परक्यांनी उभे केले आणि आपण त्याच्या सावलीत उभे होतो. विद्या मात्र बसून, समीकरणे सोडवून, चुका करून मिळवावी लागते. जिल्ह्याने ती मिळवायला दोन पिढ्या घेतल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेची आणि नव्या चिपांची यंत्रे आज दारात येत आहेत. या वेळी अंतर किती ठेवायचे, ते हा थ्रेड वाचणाऱ्या पिढीने ठरवायचे आहे.

थ्रेड समाप्त.